हेडलाइट घरी बसवणारा गुन्हेगार कसा?

दर जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियानाचे फलक लागतात आणि दोन उपदेश ठरलेले असतात. पहिला हेल्मेटचा; त्यावर वाद घालणाऱ्याशी मला बोलायचंच नाही. दुसरा असा : गाडीच्या लाइटला हात लावू नका. कंपनीने दिलाय तो विचार करूनच दिलाय. बदलायचाच असेल तर सर्व्हिस सेंटरला न्या. घरी वायरिंगमध्ये हात घातलात तर गाडी पेटेल, वर दंडही भराल. शोरूमच्या काउंटरवर, कॉलेजातल्या व्याख्यानात, घरातल्या काकांच्या तोंडी हा उपदेश इतक्या खात्रीने येतो की त्यात चार वेगवेगळे दावे एकाच गाठोड्यात बांधलेत हे कुणाच्या लक्षात येत नाही. कंपनीचा दिवा पुरेसा असतो, घरचं काम पेटतं, दुकानातलं काम सुरक्षित असतं आणि कायदा घरच्या कामाविरुद्ध आहे. यातला एकही दावा जसाच्या तसा टिकत नाही.

त्यातून हा उपदेश छत्रपती संभाजीनगरात दिला जातो, याची तर गंमतच वाटते. वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ पासून उभा आहे. त्याच्या आसऱ्याने सुट्या भागांचे कारखाने वाढले. एन्ड्युरन्स आणि व्हॅरॉक ही दोन्ही नावं इथलीच. व्हॅरॉकने २०१२ मध्ये व्हिस्टिऑन या अमेरिकी कंपनीचा वाहनांच्या दिव्यांचा कारभार विकत घेतला आणि दहा वर्षांनी युरोप-अमेरिकेतला भाग प्लास्टिक ओम्नियम या फ्रेंच कंपनीला विकून टाकला. म्हणजे मधली काही वर्षं परदेशातल्या कितीतरी मोटारींच्या हेडलाइटचा धनी वाळूजचा होता. या औद्योगिक वसाहतीत टर्मिनल क्रिंप करणारी, कप्लर बसवणारी, तयार झालेलं हार्नेस तपासणारी माणसं रोज पाळीवर जातात. शासकीय आयटीआयमधून दरवर्षी वायरमन, इलेक्ट्रिशियन आणि मोटार मेकॅनिकची तुकडी बाहेर पडते. दिवसभर शेकडो गाड्यांचं वायरिंग हाताखालून घालणारा हाच माणूस संध्याकाळी बजाजनगरात नाहीतर रांजणगावात खोलीपुढे स्वतःची गाडी उभी करून चार वायरी जोडायला बसला, की एकदम अडाणी ठरतो?

पहिला दावा घेऊ. कंपनीचा दिवा पुरेसा असतो, पण कुठे? जालना रोडवर क्रांती चौकापासून सिडकोपर्यंत वरून एवढा उजेड पडतो की स्वतःचा दिवा लागलाय की नाही हेही चटकन कळत नाही. पण शहरातला रस्ता हा सगळ्यांचा रस्ता नव्हे. दुसरी पाळी सुटल्यावर वाळूजहून गंगापूरकडच्या गावाला परतणारा, पैठण रस्त्याने बिडकीनच्या पुढे जाणारा, खुलताबाद ओलांडून कन्नडकडे निघालेला, यांचा रस्ता वेगळा आहे. ऊसतोडीच्या हंगामात त्या रस्त्यांवर ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात. मागचा दिवा बंद, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला किंवा मुळात नाहीच, आणि वरून उसाचा काळपट ढीग. ६० च्या वेगात दुचाकी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. दिसलं, कळलं, ब्रेक दाबला, यात दीड सेकंद. मग थांबेपर्यंत आणखी वीस-पंचवीस मीटर. एकूण हिशेब ४५ ते ५० मीटरचा. तेवढ्या अंतरावर ती ट्रॉली दिसली पाहिजे. ३५ वॅटचा हॅलोजन, त्यात धुळीने मंद झालेला रिफ्लेक्टर आणि पिवळी पडलेली काच असेल, तर ती दिसत नाही. केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली आणि त्यांतली ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची होती. ही सगळी अंधाराने मारली असं मी म्हणत नाही. पण ज्याला रात्री समोरचं दिसत नाही, त्याला ‘पुरेसा आहे’ असं दुपारच्या उन्हात सांगायला काही लागत नाही.

‘कंपनीने विचार करून दिलाय’ यात तथ्य आहे, पण तो विचार नव्या गाडीपुरता असतो. सात-आठ पावसाळे पाहिलेल्या गाडीत बॅटरीपासून हँडलच्या स्विचपर्यंत आणि तिथून बल्बपर्यंत गेलेली बारीक वायर, हिरवे पडलेले कप्लर आणि झिजलेले स्विचचे पॉइंट हे सगळे मिळून व्होल्टेज खातात. साधा मल्टिमीटर घ्या. इंजिन चालू ठेवून, दिवा लागलेला असताना, बॅटरीवर मोजा आणि मग बल्बच्या होल्डरवर मोजा. बॅटरीवर १३.८ आणि होल्डरवर १२.२ आले, तर वाटेल की दीड व्होल्टने काय बिघडतं? हॅलोजनचा प्रकाश व्होल्टेजबरोबर सरळ हिशेबात उतरत नाही, साडेतीनच्या घातांकाने कोसळतो. त्या दीड व्होल्टपायी जवळपास एक तृतीयांश प्रकाश गेलेला असतो. ज्यांना ‘लाइट कमी पडतो’ म्हणून नवा हेडलाइट घ्यायचा असतो, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना खरं तर नवी वायर हवी असते. पण हे सर्व्हिस सेंटरला सांगून पाहा. तिथे बल्ब बदलून मिळतो, आणि मंद उजेडाची तक्रार घेऊन आलेला माणूस नवा बल्ब आणि तोच उजेड घेऊन घरी जातो.

आता आगीचं. गाडी पेटते, हे खरं आहे. घरी काम केल्याने मात्र पेटत नाही. दिव्याच्या कामातून ती पेटते ती मुख्यतः तीन गोष्टींनी, आणि त्या तिन्ही दुकानातही तितक्याच सहज घडतात. पहिली म्हणजे ३५ वॅटच्या जागी १००/९० वॅटचा बल्ब. ३५ वॅटला तीन अँपिअरच्या आत भागतं. १०० वॅटला आठाच्या वर लागतात. वायर तीच, स्विच तोच. त्यात १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन सुरू होताच आपोआप लागतो आणि बंद करायची सोय नाही. म्हणजे आपल्याकडच्या मे महिन्यात, चाळीस अंशांच्या उन्हात, भर दुपारीसुद्धा ती बारीक वायर हा भार वाहत असते. वायर मऊ होते, होल्डर वितळतो, प्लास्टिकच्या रिफ्लेक्टरवरचा चकचकीत मुलामा धुरकट होतो. दुसरी गोष्ट म्हणजे फ्यूज न घालता थेट बॅटरीवरून ओढलेली लाइन. तिसरी, वायर छिलून, पीळ देऊन, वरून काळी टेप गुंडाळलेला जोड. उन्हाळ्यात त्या टेपचा गोंद पाघळतो, पावसाळ्यात आत पाणी जातं आणि हँडल वळवताना तो जोड रोज थोडा थोडा सुटत जातो.

घरी हे टाळायला फार मोठी विद्या लागत नाही. रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच, लागतो, बाजारात सहज मिळणारा, चार पायांचा. त्याच्या पायांवर ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे छापलेले असतात. बॅटरीच्या धन टोकापासून निघालेली दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आधी फ्यूजमध्ये जाते, आणि हा फ्यूज बॅटरीच्या वीतभर अंतरात असतो, हेडलाइटपाशी नव्हे. कारण फ्यूज वायरला वाचवतो आणि वायर बॅटरीपासून सुरू होते. तिथून ती ३० ला. ८७ वरून बल्बला. जुन्या हेडलाइटची जी वायर होती ती आता फक्त ८६ ला इशारा देण्याचं काम करते, ८५ चॅसीला अर्थ होतो. अप्पर आणि डिप्पर दोन्ही हवे तर दोन रिले. ५५-६० वॅटच्या दिव्याला पाच अँपिअर लागतात, म्हणून साडेसात किंवा दहाचा फ्यूज. तीसचा घातला तर फ्यूज शाबूत राहील आणि वायर जळेल. जुन्या हार्नेसला कात्री लावायची नाही : बल्बचा मूळ कप्लर बसेल असा तयार तुकडा मिळतो, तो मध्ये जोडायचा. उद्या सगळं उतरवून मूळ बल्ब परत लावला, तर गाडी होती तशी होते. वॉरंटीची भीती घालणाऱ्यांना इतकं उत्तर पुरे.

एक काम मात्र नवशिके हटकून विसरतात. हेडलाइटमागून येणाऱ्या वायरींना हँडलपाशी ढील ठेवावी लागते. हँडल एका टोकापर्यंत वळवा, मग दुसऱ्या टोकापर्यंत. दोन्हीकडे वायर ताणली जाता कामा नये आणि लॉकच्या बेचक्यात चेपलीही जाता कामा नये. जिथे वायर रोज वाकते तिथेच ती मरते. हे दुकानातही विसरतात, फक्त तिथे ते आपल्याला दिसत नाही.

आणि इथे तिसरा दावा येतो : मेकॅनिककडे द्या, ते काम पक्कं असतं. चांगल्या मेकॅनिकबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण अ‍ॅक्सेसरीच्या दुकानासमोर फुटपाथवर गाडी उभी करून वीस मिनिटांत नवा दिवा चढवला जातो, तेव्हा काय होतं ते कधी उभं राहून पाहा. दातांनी छिललेली वायर, पीळ, टेप, ‘झालं साहेब, चालू करा’. लागला? लागला. पैसे द्या. पुढचं गिऱ्हाईक उभं. फ्यूज? ‘गाडीत आहे की.’ रिले? ‘त्याची गरज नाही, चारशे रुपये जास्त होतील.’ दिव्याचा झोत कुठे पडतो हे तर रस्त्यावर भर दुपारी बघताच येत नाही. तो माणूस वाईट नसतो. त्याला एका गाडीमागे वीस मिनिटंच परवडतात. घरी रविवार असतो. गाडी आपली, बसणार आपण, म्हणून तोच जोड दोनदा तपासला जातो. उपदेशकांना याचा विसर पडतो, कारण त्यांच्या मते ‘दुकान’ म्हणजे जबाबदारी आणि ‘घर’ म्हणजे खेळ.

माझ्या बाजूलाही मर्यादा आहे आणि ती सांगितलीच पाहिजे. जुन्या कितीतरी साध्या गाड्यांचा हेडलाइट बॅटरीवर चालतच नाही, थेट मॅग्नेटोच्या एसी विजेवर चालतो. ओळखायचं सोपं आहे : गाडी उभी असताना दिवा मिणमिणतो आणि रेस दिली की उजळतो. अशा गाडीवर एलईडी लावली तर ती लुकलुकते किंवा महिन्या-दोन महिन्यांत जाते. ती डीसीवर आणायची तर आतल्या कॉइलची जोडणी आणि रेक्टिफायर बदलावा लागतो. ते काम जाणत्या ऑटो इलेक्ट्रिशियनचंच. तसंच ज्या नव्या गाड्यांचा अख्खा एलईडी हेडलॅम्प कंपनीतूनच सीलबंद येतो, तो उघडू नये. या दोन ठिकाणी उपदेशकांचं आणि माझं एकमत आहे.

कायद्याचं नाव सगळ्यात मोठ्याने घेतलं जातं आणि सगळ्यात कमी वाचलं जातं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ फेरबदलाबद्दल बोलतं. नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करू नये, असं ते म्हणतं, आणि वाहनाचं मूलभूत स्वरूप बदलणारा रचनेतला बदल, अशी फेरबदलाची व्याख्याही देतं. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच कलमाचा कडक अर्थ लावला, हे खरं. त्याच वर्षीच्या सुधारणेने आलेलं कलम १८२-अ तर सुटे भाग नव्याने बसवण्याचाही उल्लेख करतं आणि प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही सांगतं. पण कशासाठी? कायद्याने आणि नियमांनी परवानगी नाही अशा रीतीने केलेल्या बदलासाठी. पाना कुणाच्या हातात होता, हा प्रश्न त्या कलमात कुठेच नाही. दुकानात बसवलेला बेकायदा दिवा पावतीसकट बेकायदाच असतो, आणि त्या बदलाचा दंड गाडीच्या मालकाला होतो.

मग नियम काय विचारतात? केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९, यातला नियम १०६ वाचा. दिव्यापासून ८ मीटरवर, उजवीकडे अर्ध्या मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला प्रकाशाने दिपवता कामा नये, इतका झोत खाली वळलेला असला पाहिजे. किती नेमका नियम आहे पाहा! समोरून येणाऱ्याचे डोळे कुठे असतील ते सरकारने मीटरात मोजून सांगून ठेवलंय. हा नियम वाचलेला एकही उपदेशक मला भेटला नाही.

आणि हा नियम वाचल्यावर माझा रोख आता माझ्याच बाजूच्या लोकांकडे वळतो. घरी दिवा बसवणाऱ्यांपैकी मोठा वर्ग हा नियम रोज रात्री मोडतो. रस्त्यात समोरून पांढरा-निळसर गोळा डोळ्यांत घुसतो, दोन सेकंद काहीच दिसत नाही, आणि तो गोळा शेजारून निघून जातो तेव्हा कळतं की ती एक साधी शंभर सीसीची गाडी होती. उपदेशकांचा राग इथून आलेला आहे, आणि तो राग रास्त आहे. त्यांचं चुकतं ते एवढंच की ते दोष पान्याला देतात. दोष असतो बल्बचा.

हॅलोजनच्या एच-४ बल्बात दोन तारा असतात. डिप्परच्या तारेखाली धातूची बारीक वाटी असते. ती खालच्या बाजूचा प्रकाश अडवते, म्हणून रिफ्लेक्टरचा फक्त वरचा भाग वापरला जातो आणि झोत खाली, रस्त्यावर पडतो. रिफ्लेक्टरचा प्रत्येक वक्र त्या तारेची जागा धरून आखलेला असतो. आता तीनशे-चारशे रुपयांचा ‘एलईडी बल्ब’ त्याच होल्डरमध्ये घाला. त्याचे दाणे दोन बाजूंच्या पट्ट्यांवर, तारेच्या नेमक्या जागेवर नाहीत, आकारही तारेचा नाही. रिफ्लेक्टर बिचारा त्याला समजेल तसा प्रकाश फेकतो : थोडा रस्त्यावर, बराचसा झाडांवर आणि समोरच्याच्या कपाळावर. चालवणाऱ्याला मात्र गाडीपुढची पाच-सात मीटर जागा लख्ख दिसते, आणि तो खूश होतो. ही खुशी फसवी आहे. जवळची जमीन जितकी झगझगीत, तितकी बाहुली आक्रसते आणि लांबची ट्रॉली अंधारात जाते. ज्या ट्रॉलीसाठी दिवा घेतला, तीच दिसत नाही! त्यावर साडेसहा हजार केल्व्हिनचा निळसर रंग; तो डोळ्यांना पिवळट हॅलोजनपेक्षा जास्त खुपतो. समोरच्याला मोतीबिंदू सुरू झालेला असेल, तर त्याला सावरायला आणखी वेळ लागतो.

दुसरी चूक अख्ख्या हेडलॅम्पची. बाहेरून येणारे कितीतरी हेडलॅम्प उजव्या बाजूने वाहतूक चालणाऱ्या देशांसाठी बनवलेले असतात. त्यांचा डिप्परचा झोत उजवीकडे वर चढतो, म्हणजे त्यांच्या कडेच्या पाट्या दिसाव्यात. आपण डावीकडून चालतो, तेव्हा तोच चढलेला भाग थेट समोरून येणाऱ्याच्या तोंडावर. युरोपीय मानकाच्या दिव्याच्या काचेवर वर्तुळात ई आणि आकडा असतो. तो हेडलॅम्प फक्त डावीकडच्या वाहतुकीचा असेल तर सोबत एक बाणही असतो, आणि समोर उभं राहून पाहिलं तर त्याचं टोक उजवीकडे असतं. दोन्ही टोकांचा बाण म्हणजे दोन्हीकडे चालणारा. असा झोत चढवणारा दिवा असेल आणि बाण नसेल, तर तो आपल्यासाठी नाही. दुचाकीचे काही दिवे दोन्ही बाजूंना सारखा सपाट झोत देतात, त्यांना ही भानगड नाही. काचेवर कसलीच खूण नसलेला दिवा मात्र दुकानदार फुकट देत असला तरी घेऊ नका.

आणि तिसरी चूक म्हणजे सगळ्यात स्वस्तातली दुरुस्ती न करणं, जी ना दुकानात होते ना घरी : झोत जुळवणं. सोसायटीच्या पार्किंगमधली भिंत पुरते. जमीन सपाट, टायरमध्ये हवा बरोबर, गाडी भिंतीपासून ५ मीटरवर, सरळ उभी, आणि वर स्वतः बसलेले. हेडलाइटच्या मध्याची उंची मोजून भिंतीवर खडूने रेघ मारा. डिप्परच्या झोताची वरची कड त्या रेघेच्या ५ ते १० सेंटिमीटर खाली यायला हवी. हेडलाइटच्या खालचा नाहीतर मागचा स्क्रू फिरवून ती खाली आणता येते. मग मागे कुणालातरी बसवून पुन्हा पाहा. मागचं टोक दबतं आणि झोत वर जातो. बायको-मुलाला घेऊन रात्री जाणाऱ्या माणसाचा कंपनीतून आलेला दिवासुद्धा समोरच्याला दिपवतो, तो याच कारणाने. दुधाचे कॅन लादलेल्या गाडीचं तर विचारूच नका. म्हणजे समोरच्याला दिपवण्यासाठी घरी वायरिंग करायलाच हवं असं मुळीच नाही. मूळ दिवा, मूळ वायरिंग, सर्व्हिस सेंटरची मोहोर, तरीही ते जमतं.

म्हणून दोन मागण्या. पहिली परिवहन विभागाला आणि वाहतूक पोलिसांना : येत्या जानेवारीत ‘लाइटला हात लावू नका’ हा फलक लावू नका. त्याऐवजी आयटीआयच्या आवारात, वाळूज आणि चिकलठाण्याच्या वसाहतींत एकेका भिंतीवर ५ मीटरचं अंतर आणि रेघा आखून द्या, आणि शेजारी संध्याकाळी आयटीआयचा एक विद्यार्थी स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसवा. दंड करायचाच तर झोताला करा, बल्बच्या खोक्यावरचा ब्रँड किंवा दुकानाची पावती बघून करू नका. दुसरी मागणी तुमच्याकडे. घरी दिवा बसवणार असाल तर जरूर बसवा. रिले घाला, फ्यूज घाला, हँडलपाशी वायरला ढील द्या. पण हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब घातलेला असेल, तर तो आज रात्रीच काढा.